हकिमांच्या शाळेपासून लातूर पॅटर्नपर्यंत : मराठवाड्याने डॉक्टर कसे घडवले?

१.
लातूर शहरात दरवर्षी हजारो विद्यार्थी मुक्कामाला येतात. भाड्याच्या खोल्या, मेस, अभ्यासिका आणि शिकवण्या यांवर शहराचा एक मोठा भाग उभा आहे, आणि यांतील बहुतेकांना डॉक्टर व्हायचे असते. ज्या मराठवाड्यात १९५६ पूर्वी एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, तेथील एक जिल्ह्याचे गाव वैद्यकीय प्रवेशाचे केंद्र बनले. हा प्रवास कसा घडला, आणि डॉक्टर घडवणाऱ्या या मुलखाला स्वतःसाठी डॉक्टर मिळाले का, हा या धाग्याचा विषय.

२.
सुरुवात लातूरपासून दूर, हैदराबादेत होते. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका. आधुनिक वैद्यक शिकण्याची राज्यातील जागा एकच : १८४६ मध्ये चौथे निजाम नासिर-उद्-दौला यांच्या काळात स्थापन झालेली हैदराबाद मेडिकल स्कूल. इंग्रज रेसिडेन्सीतील सर्जन विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन हे तिचे पहिले प्रमुख.

३.
या शाळेचे वेगळेपण तिच्या भाषेत होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, ते इंग्रजीत. हैदराबादची शाळा अवघ्या वर्षभराने सुरू झाली, ती उर्दूत. शास्त्र युरोपचे, अध्यापनाची भाषा दख्खनच्या दरबाराची, आणि उत्तीर्णांना मिळणारी उपाधी 'हकीम'. शवविच्छेदन शिकलेल्या माणसाला युनानी परंपरेतील नाव देणे ही केवळ शब्दांची उसनवारी नव्हती. नव्या विद्येवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिला जुन्या, परिचित आदराचे वस्त्र चढवलेले होते.

४.
मराठी मुलखातही असा प्रयोग झाला. १८६० च्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग चालत. पुढे पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल उभे राहिले. या वर्गांतून तयार होणारे लोक पदवीधर नव्हते. ते रुग्णालयांत व छोट्या दवाखान्यांत काम करणारे मदतनीस वैद्य होते. देशी भाषेत शिकलेला तो दुय्यम आणि इंग्रजीत शिकलेला तो पूर्ण डॉक्टर, ही उतरंड इथेच पक्की झाली.

५.
हैदराबादेतही १८८० च्या दशकात वारे फिरले. एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन शाळेचे प्रमुख झाले आणि शिक्षण इंग्रजीकडे वळले. लॉरींचे नाव जगभर गाजले ते क्लोरोफॉर्ममुळे. या औषधाने भूल देताना काही रोगी दगावत. ते हृदय थांबल्यामुळे की श्वास थांबल्यामुळे, यावर वाद होता. लॉरींचे ठाम मत : आधी श्वास थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने नजर नाडीवर न ठेवता श्वासावर ठेवावी.

६.
ते सिद्ध करण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' भरले. खर्च सहावे निजाम महबूब अली खान यांनी उचलला. दुसऱ्या कमिशनसाठी 'द लॅन्सेट' या नियतकालिकाच्या वतीने लंडनहून लॉडर ब्रन्टन आले. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. तो अपुरा ठरला. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्म थेट हृदयाची लय बिघडवून मृत्यू आणू शकते.

७.
तरीही या प्रकरणाचे एक मोल आहे. दख्खनमधील एक मेडिकल स्कूल काही काळ केवळ ज्ञान घेणारी संस्था न राहता जागतिक वादातील पक्षकार बनली. याच काळात तिथे मुलींना प्रवेश मिळाला. रूपाबाई फर्दुनजी या तिथे शिकल्या आणि भूल देण्याच्या शास्त्रातील जगातील आरंभीच्या स्त्रियांमध्ये गणल्या गेल्या.

८.
मग भाषेचे चक्र पुन्हा उलटे फिरले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले : आधुनिक उच्च शिक्षण एका भारतीय भाषेत देणारे विद्यापीठ. पाठ्यपुस्तकांसाठी 'दारुल तर्जुमा' हा अनुवाद विभाग उभारला गेला. १९२० च्या दशकात वैद्यकीय शाळेचे महाविद्यालय झाले आणि वैद्यकाचे धडे पुन्हा उर्दूत सुरू झाले. शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंतची परिभाषा अरबी-फारसी धातूंवरून घडवली गेली. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा होता, त्यामुळे पदवीधरांना बाहेरच्या ग्रंथांचे दार बंद झाले नाही.

९.
हा प्रयोग मोठा होता आणि त्यातील विसंगतीही मोठी होती. संस्थानात उर्दू मातृभाषा असणारे एकदशांशाच्या आसपास. तेलुगू सुमारे निम्म्यांची, मराठी सुमारे पावभर लोकांची. 'देशी भाषेतील शिक्षण' हे ब्रीद खरे होते, पण औसा किंवा कंधारच्या मुलासाठी उर्दूही शिकूनच घ्यावी लागणारी भाषा होती. डॉक्टर होण्यासाठी त्याला दोन परक्या भाषा ओलांडाव्या लागत, आणि पदवी घेऊन परतल्यावर रोग्याशी बोलायचे ते तिसऱ्या भाषेत, म्हणजे स्वतःच्या मराठीत.

१०.
शिक्षणाच्या या व्यवस्थेविषयीचा असंतोष १९३८ मध्ये उघड झाला. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात सुरू झालेले 'वंदे मातरम्' आंदोलन उस्मानियापर्यंत पोहोचले. काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. मराठवाड्यातील तरुणाला उच्च शिक्षणासाठी राज्याबाहेर पाहण्याची सवय या काळात अधिक बळावली.

११.
या सगळ्या वर्षांत खेड्यात आजारी पडणाऱ्याचे काय होत असे? त्याच्यासाठी वैद्य होते, हकीम होते, हाड बसवणारे होते आणि बाळंतपणासाठी सुईण होती. सरकारी दवाखाना तालुक्याच्या गावी. 'दवाखाना' हा शब्दच फारसीतून आलेला, 'इलाज' अरबीतून. आज पूर्ण मराठी वाटणाऱ्या या शब्दांत त्या मिश्र व्यवस्थेचा इतिहास साठलेला आहे. पदवीधर डॉक्टर हा या साखळीतील शेवटचा, सर्वांत दूरचा आणि सर्वांत महागडा दुवा होता.

१२.
१९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला. भारतात यापुढे एकाच दर्जाचा, पूर्ण पदवीधर डॉक्टर असावा. परवानाधारक वैद्यांचे कमी मुदतीचे अभ्यासक्रम बंद व्हावेत. आणि नव्या डॉक्टरला समाजाच्या आरोग्याचे भान असावे, अशी तिची दिशा होती. काही सदस्यांनी असहमती नोंदवली. देशात डॉक्टर इतके कमी असताना खालची पायरी तोडणे योग्य नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

१३.
दोन्ही बाजूंना आधार होता. एकच दर्जा ठेवला तर गरिबांसाठी कमी शिकलेला आणि श्रीमंतांसाठी जास्त शिकलेला डॉक्टर, ही विषमता संपणार होती. पण छोट्या गावांत राहणारे बरेचसे वैद्य त्याच खालच्या पायरीवरचे होते. ती पायरी गेली आणि तिची जागा भरण्याइतके पदवीधर खेड्यात आले नाहीत. पुढच्या दशकांत ती पोकळी आयुर्वेद व युनानी पदवीधरांनी आणि अनेक ठिकाणी कोणतीही पदवी नसलेल्यांनी भरून काढली.

१४.
सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. उस्मानियातील उर्दू माध्यम संपले आणि वैद्यक पुन्हा इंग्रजीत आले. शंभर वर्षांत एकाच संस्थेने उर्दू, इंग्रजी, उर्दू, इंग्रजी अशी चार वळणे घेतली. यांतील एकाही वळणावर मराठी, तेलुगू किंवा कन्नड या बहुसंख्य प्रजेच्या भाषांचा क्रम लागला नाही.

१५.
१९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला मराठी राज्यात येण्याची वाट दाखवली. निधी आणि नोकऱ्या यांबरोबरच त्यात एक कमी चर्चिले गेलेले आश्वासन आहे : व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या प्रवेशांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाव मिळावा. १९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१(२) मध्येही तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या न्याय्य सोयींचा उल्लेख आहे. म्हणजे डॉक्टरकीच्या जागांचा प्रश्न हा विलीनीकरणाच्या अटींचाच एक भाग होता.

१६.
१९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय आजही 'घाटी' या नावाने ओळखले जाते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. शेतकरी घरातील मुलाला आता हैदराबादचा रस्ता धरावा लागत नव्हता. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे तात्याराव लहाने हे या नव्या संधीचे सर्वपरिचित उदाहरण. मराठवाड्यातच वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या नेत्रशल्यविशारदाला २००८ मध्ये पद्मश्री मिळाली.

१७.
उलट दिशेचा प्रवासही झाला. पुण्यात शिकलेले शल्यविशारद अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी लातूरला आले आणि १९६६ मध्ये त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. मोठ्या शहरातील कमाई सोडून तालुक्याच्या गावात शस्त्रक्रिया करणे त्या काळी सोपे नव्हते. २०१९ मध्ये कुकडे यांना परवडणाऱ्या आरोग्यसेवेसाठी पद्मभूषण देण्यात आले. मात्र अशा कामाची मर्यादाही स्पष्ट होती. ते ध्येयावर उभे होते, आणि ध्येयवादी माणसे दर तालुक्याला मिळतील असे धोरण आखता येत नाही.

१८.
धोरणाच्या पातळीवरचा धाडसी प्रयोग लातूरच्या शेजारी झाला. १९७४ मध्ये अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ख्याती आहे. त्यामागचा तर्क सरळ होता : डॉक्टरला खेड्यात पाठवणे कठीण असेल, तर त्याला खेड्यांच्या मधोमधच शिकवावे. सर्पदंश, विषबाधा, अडलेले बाळंतपण, क्षय हे आजार त्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी वॉर्डात पाहावेत.

१९.
हाच विचार देशभर मूळ धरत होता. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर १९७७ मध्ये आलेल्या योजनेने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी असे ठरवले. अभ्यासक्रम मात्र शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या मापाचाच राहिला. जागा ग्रामीण आणि परीक्षा महानगरी, असे हे जोडकाम होते. विद्यार्थी खेड्यात शिकत, पण पदव्युत्तर शिक्षणासाठी त्यांची नजर पुणे-मुंबईकडेच असे.

२०.
औषधाहून वेगळ्या वाटेने रोग हटतो, हे याच काळात नारूने शिकवले. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना रोग्याच्या पायातील कृमीची पिल्ले पाण्यात जात आणि तेच पाणी गाव पीत असे. यावर ना लस होती ना गोळी. पाणी गाळण्याचे फडके, हातपंप, पायऱ्या बंद करणे आणि गावोगाव फिरणारा आरोग्य कर्मचारी हाच इलाज ठरला. भारतातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. या विजयात शल्यविशारदाचा वाटा सर्वांत कमी होता.

२१.
१९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. १९८८ मध्ये नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. १९९० मध्ये लातूरला एमआयटी संस्थेचे खासगी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८० च्या दशकात राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडल्यावर वैद्यकीय शिक्षणात पैशाचे गणित शिरले होते. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला सरकारी जागाच हवी, आणि त्यासाठी एकेक गुण महत्त्वाचा. या गरजेतून लातूरची पुढची ओळख घडली.

२२.
राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात तिथे जी शिस्त बसली, तिला लोकांनी 'लातूर पॅटर्न' म्हटले. वेळेआधी पूर्ण होणारा अभ्यासक्रम, सुट्ट्यांतील वर्ग, सतत होणाऱ्या चाचण्या, प्रत्येक विद्यार्थ्याच्या चुकांचा हिशेब. दयानंद महाविद्यालयासारख्या संस्थाही त्यात उतरल्या. पुण्या-मुंबईच्या मक्तेदारीची सवय झालेल्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावे येऊ लागली. कोरडवाहू शेतीतील कुटुंबाला मुलाच्या डोक्याखेरीज दुसरे भांडवल नव्हते. लातूरने त्या भांडवलाला बाजार मिळवून दिला.

२३.
मध्येच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणेश विसर्जन करून झोपलेल्या किल्लारी व परिसरातील गावांवर दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळली. मृतांची संख्या निरनिराळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहे. लातूर, उमरगा, सोलापूरची रुग्णालये जखमींनी भरली. एखाद्या प्रदेशात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि रक्त जवळपास असणे म्हणजे काय, याचा अर्थ त्या आठवड्यात अहवालांबाहेर पडला.

२४.
भूकंपाने वैद्यकाला आणखी एक धडा दिला. हाडे जुळल्यावरही अनेक जण झोपू शकत नव्हते, छपराखाली जायला घाबरत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. आपत्तीनंतर मनावरही उपचार लागतात, ही आज सहज वाटणारी गोष्ट भारतीय आपत्ती-व्यवस्थेत रुजवणाऱ्या घटनांत किल्लारीचे स्थान वरचे आहे.

२५.
२००२ मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. पुढे त्याला विलासराव देशमुख यांचे नाव देण्यात आले. पण प्रवेशाचा एक जुना नियम विद्यार्थ्यांना बोचत होता. राज्यातील जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के उरलेल्या राज्याला, असे हे ७०:३० सूत्र. ज्या विभागात महाविद्यालये कमी, त्याच्या वाट्याच्या जागाही कमी. मागास भागाचे रक्षण करण्यासाठी योजलेली भिंत मराठवाड्याच्या मुलांना आत कोंडू लागली.

२६.
सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाल्याची घोषणा झाली. तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच आमदार होते, हा योगायोग सर्वांच्या लक्षात राहिला. मराठवाड्यात निर्णयाचे स्वागत झाले. पण त्याला दुसरी बाजू आहे. जागा साऱ्या राज्याला खुल्या झाल्या की लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतही बाहेरचे विद्यार्थी येणार, आणि शिकून झाल्यावर ते इथेच राहतील याची हमी नाही. विद्यार्थ्याचा न्याय आणि प्रदेशाची गरज या दोन गोष्टी दरवेळी एकाच दिशेला जात नाहीत.

२७.
परतीचा प्रश्न सोडवण्यासाठी राज्याचा एक जुना उपाय आहे : शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची सेवा बंधनकारक, आणि अनेक वर्षे ती टाळण्यासाठी दहा लाखांचा दंड भरण्याची वाट होती. म्हणजे गावात राहण्याला वर्षाची मुदत आणि न राहण्याला किंमत लावलेली होती. दरम्यान २००५ नंतर आशा कार्यकर्ती गावोगाव उभी राहिली आणि बाळंतपणे घरातून दवाखान्याकडे वळली. सुईणीची जागा आशाने आणि परिचारिकेने घेतली. तज्ज्ञाची खुर्ची मात्र अनेक ग्रामीण रुग्णालयांत रिकामीच दिसते.

२८.
भाषेचे चक्रही थांबलेले नाही. 'नीट' ही प्रवेशपरीक्षा आता मराठीसह १३ भाषांत देता येते, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. या चर्चेत उस्मानियाचा अनुभव क्वचितच आठवला जातो. भारतीय भाषेत वैद्यक शिकवता येते, हे तिथे सिद्ध झाले होते. पण राज्यकर्त्याने निवडलेली भाषा आणि रोग्याची भाषा एकच असते असे नाही, हेही तिथेच दिसले होते.

२९.
पावणेदोनशे वर्षांचा हिशेब असा : आधी प्रदेशात महाविद्यालय नव्हते, मग महाविद्यालय आले पण जागा पुरेशा नव्हत्या, मग विद्यार्थ्यांनी परिश्रमाने जागा मिळवल्या. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न 'आमची मुले डॉक्टर कशी होतील' हा होता, आणि मराठवाड्याने त्याचे उत्तर शोधले. 'आमच्या गावात डॉक्टर कोण राहील' हा दुसरा प्रश्न. तो अंबाजोगाईने १९७४ मध्ये विचारला होता. लातूरच्या अभ्यासिकांत आज बसलेल्या पिढीला त्याची सुरुवात पुन्हा तिथूनच करावी लागेल.